ऑपरेशन थिएटरातली मर्यादा

सोमवार, ५ जानेवारी

डॉ. रुद्राणी मॅडमचा जन्म झाला त्या सुमारास मी माझं पहिलं अपेंडिक्स काढलं असेल. तर त्या आज मला ऑपरेशन कसं करावं हे शिकवायला पुण्याहून माजलगावात आल्या होत्या.

दोष माझाच. समोरच्या हॉस्पिटलने 'सुरक्षित शस्त्रक्रिया' असं प्रमाणपत्र मिळवलं आणि दारावर दिव्यांची माळ लावून टांगलं. तेव्हापासून आमच्या पायऱ्या चढणारा माणूससुद्धा एकदा मान वळवून तिकडे बघून घेतो. सुंदरराव स्मृती रुग्णालय हे माझ्या वडिलांच्या नावाचं. वडील पंचायत समितीचे सभापती होते, त्यांच्याकडे पाठ करून कोणी दुसरीकडे बघितलेलं मला आठवत नाही. म्हणून मीही अर्ज केला आणि मॅडम हजर झाल्या.

मॅडमचं म्हणणं असं. ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचं. रुग्णाचं नाव, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती, हे मोठ्याने वाचायचं. रुग्ण जागा असतानाच त्याच्या अंगावर पेनने खूण करायची. आणि चूक दिसली तर नर्स असो, वॉर्डबॉय असो, झाडूवाली मावशी असो, कोणीही 'थांबा' म्हणू शकतं. मग सर्जनने निमूट थांबायचं. मी हसलो. मी हसलो म्हणून सगळा स्टाफ हसला. मॅडम हसल्या नाहीत.

शिवाय मुख्य सर्जनने दैनंदिनी लिहायची. मनात येईल ते, जसंच्या तसं, कोणी वाचणार नाही म्हणे. कोणी वाचणार नसेल तर लिहायचं कशाला, असं विचारलं, तर म्हणाल्या, "म्हणूनच." मी नवी वही आणवली आहे. पेन ते खूण करायचंच वापरतोय, दुसरं काही काम नाही त्याला.

बुधवार, ७ जानेवारी

मॅडम आज दिवसभर थिएटरच्या कोपऱ्यात उभ्या होत्या. जाताना त्यांनी विचारलं, "सर, तुमच्या सिस्टर तुमच्याशी एक शब्दही का बोलत नाहीत?"

आता यांना काय समजावणार! आमची थिएटर सिस्टर सत्यशीला ही माझ्या धाकट्या भावाची, आदिनाथची बायको. मी तिचा भाया. आमच्याकडे भावजय भायासमोर डोक्यावर पदर घेते, त्याचं नाव घेत नाही, त्याच्याशी थेट बोलत नाही. मीही तिला नावाने हाक मारत नाही. लग्न होऊन आली तेव्हा नर्सिंग शिकलेली होती, आई म्हणाली घरचंच माणूस दवाखान्यात असलेलं बरं. अकरा वर्षं माझ्या हातात हत्यारं देते आहे, पण मर्यादा ढळू दिलेली नाही. काही सांगायचंच असेल तर भूल देणाऱ्या डॉ. मल्लिनाथअप्पांना सांगते. "अप्पा, सायबांना सांगा, टाके लावायचा दोरा हाच राहिलाय." दोन हातांच्या अंतरावर उभा असलेला मी ऐकून घेतो. मग अप्पा तेच वाक्य मला परत सांगतात.

मॅडमना सांगितलं, आमच्या थिएटरात जी शिस्त आहे ती तुमच्या पुण्यात शोधून सापडणार नाही. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. कौतुकच असणार.

मंगळवार, १३ जानेवारी

साखर कारखान्यातल्या काट्यावरचे कारकून धर्मराज. हर्निया. सगळं तयार, मी हात पुढे केला आणि सत्यशीलाने ब्लेड माझ्या हातात द्यायच्या ऐवजी फरशीवर दिलं. अकरा वर्षांत शिकली ती ही कला!

दुसरं ब्लेड येईपर्यंत मी हात वर धरून पुतळ्यासारखा उभा. समोर स्पिरिटच्या बाटलीला टेकवून कोणीतरी धर्मराजची फाइल उघडीच ठेवली होती. करमणूक म्हणून वाचली. हर्निया डावीकडचा. मी उजवी बाजू आयोडीनने रंगवून बसलो होतो. लगेच बाजू बदलली, अर्ध्या तासात काम फत्ते.

सर्जनची नजर म्हणतात ती ही. मॅडम असत्या तर त्यांनाही दोन गोष्टी शिकायला मिळाल्या असत्या.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज काही पडलं नाही, पण बाईसाहेबांनी हातमोजे घातलेल्या हाताने स्वतःचं नाक खाजवलं. मोजे बाद, गाऊन बाद, पुन्हा हात धुणं आलं. नवशिकी मुलगीही असं करत नाही.

रुग्ण राधाकिशन, मोंढ्यातले किराणावाले. भूल द्यायची ती अडली, म्हणून मी त्यांच्याशी गप्पा मारायला डोक्याकडे गेलो, तर शेटजींच्या मिशीत तीळ.

"शेटजी, उपाशी पोटी यायला सांगितलं होतं ना?"

"उपाशीच हाय की सायेब. निस्त्या दोन गुळाच्या पोळ्या खाल्ल्या. संक्रांतीचं उरल्यालं, त्याला कुटं जेवण म्हणत्यात?"

भरल्या पोटी भूल दिली असती तर पोळ्या फुप्फुसात गेल्या असत्या. ऑपरेशन पुढे ढकललं. अप्पा म्हणाले, "थोडक्यात वाचलं." मी म्हणालो, रुग्णाशी दोन शब्द बोलायची माझी जुनी सवय आहे, तिचा हा फायदा. अप्पा हो म्हणाले. अप्पा फार समजूतदार आहेत.

गुरुवार, २२ जानेवारी

कळस झाला. आतड्याला भोक पडलेला रुग्ण, तीन तास झुंजलो. पोट शिवायला घेतलं आणि सत्यशीलाच्या हातून अख्खा ट्रे खाली. सुया, चिमटे, कात्र्या, सगळं खोलीभर. दुसरा ट्रे निर्जंतुक होऊन ऑटोक्लेव्हमधून निघेपर्यंत पोट उघडंच. अप्पा म्हणाले, "आता थांबायचंच आहे साहेब, तर एकदा आतून हात फिरवून घेता का?" फिरवला. यकृताच्या मागे आत राहिलेला तळहाताएवढा गॉज हाताला लागला.

माझ्या बोटांना डोळे आहेत असं वडील म्हणायचे, ते उगीच नाही.

पण हा रोजचा तमाशा मी का सहन करायचा? पुढच्या महिन्यात मॅडम तपासणीला येणार. त्यांच्यासमोर ट्रे पडला तर प्रमाणपत्र राहिलं बाजूला, समोरच्या हॉस्पिटलात पेढे वाटतील.

शुक्रवार, २३ जानेवारी

सत्यशीलाला थिएटरमधून काढून खाली नोंदणीच्या टेबलावर बसवलं. अर्थात मी स्वतः सांगितलं नाही, अप्पांकरवी सांगितलं. तिने अप्पांना विचारलं, "कावून?" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सांगा त्यांना, हातातून वस्तू पडतात." तिने पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली.

अप्पा हात धुता धुता म्हणाले, "साहेब, खरं सांगायचं तर वहिनींच्या हातून कधी काही पडलेलं नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. डोळ्यांदेखत ट्रे पडला, हा माणूस शेजारी उभा होता. वर्षानुवर्षं भुलीच्या गॅसजवळ बसल्याचा परिणाम असावा.

तिच्या जागी हनुमान आलाय. नांदूरघाटचा, आमच्याच पाहुण्यांतला. हात दगडासारखा स्थिर.

बुधवार, २८ जानेवारी

हनुमान म्हणजे सोनं आहे. मी हात पुढे करायच्या आत हत्यार हातात! काही पडत नाही, कोणी नाक खाजवत नाही. आठवडाभराची ऑपरेशनं चार दिवसांत उरकली. थिएटरात एवढी शांतता कधी नव्हती.

एक किरकोळ. एका शेतकऱ्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं, ते काढायचं होतं. काढलं, पण दुसऱ्या पायाचं. घरच्यांना सांगितलं की तेही पुढेमागे बिघडणारच होतं, एका खेपेत दोन्ही करून टाकू. त्यांनी माझे पाय धरले. नख परत येतंच.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

आदिनाथचं डावं मूत्रपिंड खड्यांनी पार निकामी झालंय. गेले सहा महिने ताप आणि कळा. काढून टाकणं एवढाच इलाज. अप्पा चाचरत म्हणाले, किडनीचं आहे, घरचा माणूस आहे, संभाजीनगरला तज्ज्ञाकडे पाठवावं. आईच्या कानावर गेलं. ती मळ्यातून थेट दवाखान्यात. "घरात डाक्टर आसताना माझं लेकरू परक्याच्या हाताखाली कावून द्यायचं?" विषय संपला.

उद्या सकाळी करतोय. संमतीच्या कागदावर बायको म्हणून सत्यशीलाने सही केली. सही करून तिने अप्पांना सांगितलं, "सायबांना म्हणावं, मॅडम म्हनल्या तशी पेनानं खूण करून घ्या."

झालं! नोंदणीच्या टेबलावरून आता सर्जरी शिकवणार. आदिनाथ आणि मी एका ताटात जेवलो, एका सायकलवरून शाळेत गेलो. तो माझा सख्खा भाऊ आहे, कुरिअरचं पार्सल नाही, की वर बाण काढू. अप्पांना म्हणालो, सांगा त्यांना, गरज नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

दुपारचे चार. जेवण जात नाही, म्हणून लिहितोय.

आदिनाथला भूल दिली. मी भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावलेली एक्स-रेची फिल्म बघितली आणि त्याला कुशीवर वळवून घेतलं. कापडं टाकली. हनुमानने ब्लेड हातात दिलं, नेहमीसारखं, चटकन.

दार उघडलं. सत्यशीला आत आली. अंगात रोजची साडी, पायात बाहेरच्या चपला, तोंडावर मास्क नाही, डोक्यावर पदर नाही. वॉर्डबॉय तिला मागे ओढत होता.

"भाया, थांबा!"

मला वाटलं दुसरंच कोणीतरी ओरडतंय. हा आवाज मी एवढ्या मोठ्याने कधी ऐकलाच नव्हता.

"त्यांचं दुखणं डाव्या अंगाचं हाय. तुमी उजवं वर घेतलंय."

खरं लिहायचं ठरलंय तर लिहितो. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? चपला. बाहेरच्या चपला घालून थिएटरात आली, असं आलं. मी ओरडणार होतो. तेवढ्यात अप्पा उठले, पेटीवरची फिल्म काढली, उलटी केली आणि परत लावली. फिल्म उलटी लागली होती.

दाराला काचेची गोल खिडकी आहे. बाहेर बाकावर बसून तिने नवऱ्याला कोणत्या कुशीवर वळवलं ते पाहिलं होतं. तो रात्ररात्र कोणती कूस धरून बसतो, ते तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

आदिनाथला दुसऱ्या कुशीवर घेतलं. खराब मूत्रपिंड काढलं. डावं. उजवं काढलं असतं तर माझ्या भावाकडे चालणारं एकही उरलं नसतं.

नंतर अप्पांना एकटं गाठून विचारलं, तुम्हाला दिसलं नव्हतं? अप्पांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. म्हणाले, "शंका आली होती साहेब. म्हटलं, भाऊ आहे, तुम्हाला माहीत असेल."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

वॉर्डबॉयच्या तोंडून बातमी आईपर्यंत गेली. बातमी अशी, की धाकटी सून उघड्या डोक्याने चार पुरुषांसमोर भायावर खेकसली. का खेकसली ते बातमीत नव्हतं. ते थिएटरच्या बाहेर गेलेलं नाही आणि ते बाहेर न्यायला मीही काही पाऊल उचललेलं नाही.

आईने वॉर्डातच, आदिनाथच्या खाटेसमोर, तिला फैलावर घेतलं. "सुंदररावाच्या घरात आसं कधी झालं न्हाई. लाज इकून खाल्ली का? पड पाया त्याच्या."

सत्यशीलाने पदर घेतला, खाली वाकली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हणालो, "जाऊ दे आई. माफ केलं."

आदिनाथ अर्धवट झोपेत होता. आई म्हणाली, बघा, केवढं मोठं मन हाय. सगळ्या वॉर्डाने मान डोलावली. खरोखर, मन मोठं असावं तर माझ्यासारखं. भावाला जन्माचा अधू करायला निघालो होतो, आणि ज्या बाईने हात धरला तिला माफ केलं!

ही ओळ लिहून खोडणार होतो. राहू दे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

तपासणी पार पडली. रुद्राणी मॅडमनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर चुकत असतील तर तुम्ही थांबवता का?"

हनुमान, "हो मॅडम." वॉर्डबॉय, "हो मॅडम." झाडूवाली मावशी, "हो मॅडम, लई येळा." अप्पा, "आमच्याकडे तसं खेळीमेळीचं वातावरण आहे."

सत्यशीला नव्हती. आदिनाथला घेऊन मळ्यावर गेली ती दवाखान्यात परत आली नाही. मॅडमनी विचारलं, "त्या पूर्वीच्या सिस्टर?" मी सांगितलं, घरगुती अडचण. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. पण कागदावर सगळं चोख होतं. शिफारस झाली. पंधरवड्यात प्रमाणपत्र येईल. वॉर्डबॉय दिव्यांची माळ आणू का विचारत होता. मी त्याला हाकलून दिलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज सकाळी उमापूरचा बंकट टेबलावर होता. हर्निया. अप्पा कमरेत भुलीची सुई द्यायच्या तयारीत. मॅडमच्या पद्धतीने आम्ही थांबलो. माझ्या मनात काय आलं देव जाणे, मी फाइल मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, "उजवीकडचं ना?"

"हो साहेब," हनुमान म्हणाला. वॉर्डबॉयनेही मान हलवली.

थोडं थांबून मी म्हणालो, "नाही नाही, डावीकडचं. हो ना?"

"हो साहेब."

त्याच आवाजात. तितक्याच चटकन. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा सुईकडे बघत होते.

मग बंकटलाच विचारलं. "बंकट, तुझं दुखणं कोणत्या बाजूला आहे?"

बंकट टेबलावर बसल्या बसल्या हात जोडून म्हणाला, "तुमी म्हनाल त्या, सायेब."

मला भीती वाटली. तीस वर्षं ब्लेड धरतोय, कधी वाटली नव्हती. या खोलीत माझ्याशिवाय कोणीच नव्हतं. मी बंकटचं डोकं कापायला घेतलं असतं तरी हनुमानने ब्लेड माझ्या हातात दिलं असतं, आणि बंकटने मान पुढे केली असती. मला धर्मराज आठवला, मिशीतले तीळ आठवले, यकृतामागचा गॉज आठवला. दर वेळी माझी नजर, माझी सवय, माझी बोटं! शरम वाटली, एवढंच लिहितो. वहिनींच्या हातून कधी काही पडलेलं नाही, हे अप्पांचं वाक्य मला आज कळलं, आणि अप्पांना ते आधीपासून कळत होतं याचा रागही आला.

ऑपरेशन थांबवलं. बंकटला उद्या यायला सांगितलं, आणि हातमोजे काढून तसाच मळ्यावर गेलो.

आदिनाथ अंगणात खुर्चीवर ऊन खात बसला होता. आई शेजारी बाजेवर तूर निवडत होती. गाडी बघून सत्यशीला रीतीप्रमाणे आत गेली, दाराच्या पडद्यामागे तिच्या पायांची बोटं दिसत होती.

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा आला असता तर मी बोललो नसतो. "आई, त्या दिवशी मी आदिनाथचं चांगलं मूत्रपिंड काढायला निघालो होतो. फिल्म उलटी लागली होती. तिथल्या एकानेही तोंड उघडलं नाही. हिने थांबवलं म्हणून हा आज उन्हात बसलाय. आणि मी तिला तुझ्यासमोर पाया पडू दिलं."

आईचा हात सुपात तसाच राहिला. "काय बोलतुस?"

"खरं तेच."

आदिनाथने नकळत उजव्या कुशीवर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "दादा, आन् हे तू आज सांगतूस?"

मी पडद्याकडे वळलो. नाव घ्यायला जीभ वळेना, इतक्या वर्षांची सवय. "सत्यशीला, थिएटरात परत या. उद्यापासून."

पडदा हलला. ती बाहेर आली, पदर डोक्यावर होता. आईच्या पुढून, आदिनाथच्या पुढून येऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"यीन. पण आता हातातलं काय खाली टाकनार न्हाई. तोंडानं बोलन. तुमच्याशी, सगळ्यांदेखत."

आई म्हणाली, "भायासंगट? आन् घरात बी तसंच का?"

"घरात तुमची रीत, आत्याबाई. पदर बी घीन, आन् गप बी बसन," सत्यशीला म्हणाली. "तितं माणूस टेबलावर आसतो."

आईने सूप खाली ठेवलं. ती आदिनाथच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसून राहिली.

मी म्हणालो, "बोला."